निळा दिवा विझेना आणि घाटात लाल पेटला : थर्मोस्टॅट काढलेल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी पुण्यातली. २०१४ची, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ९६,००० किलोमीटर झालेली हॅचबॅक. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, नुसते दोन दिवे. इंजिन थंड असताना निळा लागतो, जास्त तापलं की लाल. तक्रार अशी की रोजच्या शहरातल्या वापरात काहीच त्रास नाही, हायवेवर ऐंशीच्या वेगाने गाडी शिरवळपर्यंतही जाईल, पण खंबाटकीचा चढ लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणावर लाल दिवा. गाडी बाजूला घेतली की बॉनेटखालच्या, रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून पाणी उसळतं. अर्ध्या तासाने पाणी घालून निघावं, तर घाटमाथ्यानंतर पुन्हा सगळं सुरळीत.

एका गॅरेजने बघितल्याबरोबर सांगितलं होतं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उतरवून त्याचा फेस मारावा, म्हणजे तळ घासून सपाट करावा लागेल. आकडा वीस हजारांच्या पुढचा. पुरावा म्हणून ऑइल भरायच्या झाकणाखालचा पिवळट साईसारखा थर दाखवला गेला. हेडपर्यंत जाण्याआधी घरच्या पार्किंगमध्ये दोन शनिवार-रविवार खर्च करून काय काय तपासता येतं आणि त्यात काय निघालं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

पार्ट नाही, आधी प्रश्न

गाडी तापते म्हटल्यावर पहिला प्रश्न एकच : नेमकी कधी तापते? उभ्या गाडीत किंवा सिग्नलला तापते आणि चालू लागली की उतरते, तर बहुतेक वेळा पंखा, त्याचा रिले, फ्यूज नाहीतर सेन्सर. वेगात आणि चढावर तापते पण उभी असताना ठीक राहते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता बाहेर टाकत नाही. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांत तापते, तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय किंवा पाणीच कमी आहे. आणि कधीही, कसंही तापते, सोबत रोज पाणी कमी होतं, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार.

ही गाडी दुसऱ्या गटातली. पण मालकांशी बोलताना सहज आणखी एक गोष्ट निघाली : "सकाळी निळा दिवा लवकर विझत नाही. हिवाळ्यात तर ऑफिस येईपर्यंत असतो, आणि कात्रजचा उतार उतरताना कधीकधी परत लागतो." तक्रार म्हणून त्यांनी हे सांगितलंच नव्हतं. निळ्या दिव्याने कधी कोणाची गाडी बंद पडत नाही, म्हणून तो कुणी मनावर घेत नाही. या प्रकरणाची किल्ली मात्र त्यातच होती. जे इंजिन घाटात उकळतं, तेच सपाटीवर गरम व्हायलाच तयार नाही.

मोजमाप

ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला आणि मोबाइलवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवायला फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान लावून ठेवलं. नुसते दिवे असलेल्या गाडीत याला पर्याय नाही. काटा असला तरी त्याच्यावर फार विसंबू नये, कारण बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो आणि मधल्या मोठ्या टप्प्यात जागचा हलत नाही. तो हलतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

सकाळी २६ अंशांवरून सुरुवात. चांगल्या गाडीने सहा ते आठ मिनिटं चालवल्यावर ८० ओलांडायला हवेत. इथे पंधरा मिनिटांनी ६२. बायपास रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने आकडा ६४ ते ६८च्या मध्ये रेंगाळला. संगणकात पी-०१२८ हा कोडही साठलेला होता. त्याचा अर्थ, कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. मग कात्रजच्या जुन्या घाटात, दुपारी, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये चढवली. ७०, ८०, ९१, ९८. पंखा फुल्ल चालू असूनही १०३. १०६ला एसी बंद केला, हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर चारवर केला (म्हणजे इंजिनाची उष्णता तिकडूनही बाहेर पडते) आणि गाडी बाजूला घेतली. मोजायला एवढं पुरे. बिघाड सिद्ध करायला लाल दिवा पुन्हा लागेपर्यंत चालवणं म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड वाकवायला स्वतःहून निमंत्रण देणं.

(घाटात खरंच तापली तर हाच क्रम : एसी बंद, हीटर फुल्ल, बाजूला थांबणं. पंखा चालू असेल आणि वाफ येत नसेल तर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवा, वाफ येत असेल तर लगेच बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर बाहेरून किंवा आतून गार पाणी ओतू नका.)

पंखा निर्दोष

पंख्याचा तपास दहा मिनिटांचा. एसी लावला की पंखा लगेच फिरला, म्हणजे मोटर, फ्यूज आणि रिले शाबूत. एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवली, तर ९७ला सुरू, ९२ला बंद. सेन्सर आणि संगणकही ठीक. हवा इंजिनाकडे खेचली जाते का तेही पाहिलं. पुढच्या जाळीवर धरलेला वर्तमानपत्राचा कागद चिकटून राहायला हवा. मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो, आणि फिरताना दिसतो म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

हेड गॅस्केटचा निकाल आधी लावला

सगळ्यात मोठी भीती आधी मिटवावी, म्हणजे बाकीचं शांतपणे करता येतं.

ऑइलच्या झाकणाखालची साय खरी होती. पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी, त्यात दुधाळपणाचा मागमूस नाही. ऑइलमध्ये कूलंट मिसळत असतं तर खालचं ऑइलच कॉफीसारखं झालं असतं. नुसत्या झाकणाखाली साय धरणं याचं दुसरं, कितीतरी साधं कारण असतं. इंजिन पुरेसं गरम होत नाही, आतली वाफ बाहेर न जाता सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली थिजते आणि ऑइलमध्ये फेटली जाते. ६५ अंशांवर चालणाऱ्या इंजिनात हे व्हायचंच. ज्या लक्षणावरून हेड उतरवायचं ठरलं होतं, ते तापण्याचं नव्हतंच, गार राहण्याचं होतं.

सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर नाही. थंड इंजिन सुरू करून एक मिनिट थोडं रेझ केलं तर रेडिएटरचा वरचा होज पाइप मऊच राहिला. सिलिंडरमधला दाब पाण्यात येत असता तर तो मिनिटभरात दगडासारखा टणक झाला असता. ही चाचणी मात्र रेडिएटरचं झाकण दाब धरत असेल तरच विश्वासाची, आणि इथे त्या झाकणावर शंका होती. म्हणून ब्लॉक टेस्टर मागवला. प्लॅस्टिकची नळी, रबरी फुगा आणि निळा द्रव. झाकण गार इंजिनावर काढायचं, रेडिएटरमधली पातळी दोन-तीन इंच खाली आणायची म्हणजे पाणी टेस्टरमध्ये ओढलं जात नाही, मग इंजिन चालू करून तापू द्यायचं आणि फुग्याने वरची हवा द्रवातून खेचत राहायची. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे निळा द्रव पिवळा पडतो. दोन-दोन मिनिटं, दोनदा केलं. निळा तो निळाच. हेड गॅस्केट निर्दोष.

झाकण : जिथून सुरुवात झाली

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नव्हे, ती दाबाची झडप आहे. यावर ०.९ लिहिलेलं होतं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब आत धरायचा. पुण्याच्या साडेपाचशे मीटर उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९चा दाब टिकला तर तेच पाणी ११७पर्यंत उकळत नाही, आणि अर्धं कूलंट, अर्धं पाणी असेल तर सव्वाशेच्या जवळ जाता येतं. म्हणजे घाटात १०५ झाले तरी चांगल्या झाकणाखाली काहीच उसळत नाही.

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी हात लावून वरचा पाइप गार असल्याची खात्री केली आणि झाकण काढलं. बाटली मॅक्सच्या रेघेवर, पण रेडिएटरमध्ये पाणी दिसेना. मापाने ओतलं तर ६०० मिली बसलं. ही खूण फार महत्त्वाची, कारण बहुतेक जण फक्त बाटली बघतात. तापल्यावर पाणी फुगून बाटलीत येतं, गार होताना आतल्या ओढीने परत रेडिएटरमध्ये जातं. झाकणाचं वरचं रबर कडक झालं की गार होताना बाटलीतलं पाणी येण्याऐवजी काठातून हवाच आत शिरते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. झाकण उलटं करून पाहिलं तर खालच्या रबरावर नखाने जाणवणारी भेग, आणि मधली छोटी झडप पांढऱ्या क्षाराने चिकटलेली. नवीन झाकण तीनशे-चारशे रुपयांचं. जुन्यावर लिहिलेल्याच दाबाचं घ्यायचं. जास्त दाबाचं घेतलं तर जास्त चांगलं असं नसतं. वाढलेला दाब मग जुने पाइप आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या सोसतात.

आता साखळी जुळू लागली. झाकण ढिलं, म्हणून महिन्याला पाव-अर्धा लिटर पाणी कमी. ते भरायला सोसायटीच्या बोअरचं पाणी. तीनेक वर्षं हेच चाललेलं. कूलंटचा रंग हिरव्यावरून जवळजवळ पाण्यावर आला होता.

थर्मोस्टॅटची जागा रिकामी

या इंजिनात थर्मोस्टॅट खालच्या होज पाइपच्या टोकाला, पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी आहे. तुमच्या गाडीत कुठे आहे ते कळायचा मार्ग सोपा. रेडिएटरचे दोन जाड पाइप इंजिनापर्यंत हाताने चाचपत जा, ज्याच्या टोकाला दोन-तीन बोल्टचं छोटं ॲल्युमिनियमचं घर आहे तिथे तो असतो. दहाच्या पान्याने दोन बोल्ट सुटले, आत फक्त रबरी रिंग. थर्मोस्टॅट नाही. कधीतरी गाडी तापली असताना कुणीतरी काढून टाकलेला, आणि बिल करताना हे सांगायचं राहून गेलेलं.

आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो : "आपल्या गरम हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, तो थंड देशातल्या गाड्यांना." ही समजूत दोन बाजूंनी चुकीची आहे. पहिली बाजू, इंजिनाला थंडी नको असते, ठरावीक तापमान हवं असतं. ६५ अंशांवर संगणक इंजिन अजून गार आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोल राहतं, ते ऑइल पातळ करतं, झीज वाढते, ॲव्हरेज पडतं.

दुसरी बाजू फारशी कुणाला माहीत नसते आणि या प्रकरणात तीच नडली. अशा इंजिनातल्या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची चकती रेडिएटरची वाट उघडते. त्याच वेळी खालची छोटी चकती बायपासचं भोक बंद करते. बायपास म्हणजे इंजिनातून निघालेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे नेणारी आतली वाट. गार इंजिन लवकर तापावं म्हणून ती असते. इंजिन तापलं की ती बंद व्हायलाच हवी. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग घाटात जेव्हा थेंबन्‌थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा गरम पाण्याचा एक मोठा भाग न थंडावता परत इंजिनात जातो. गार होण्यासाठी काढलेला थर्मोस्टॅट घाटात गाडी तापवतो, तो असा. सपाटीवर इंजिन थोडीच उष्णता निर्माण करतं, समोरून वारा भरपूर, म्हणून ६५. चढावर उष्णता अनेक पटींनी, वारा नाही, शिवाय रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरची (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) गरम हवा. तिथे पितळ उघडं पडतं.

रेडिएटर

मुळात कुणी थर्मोस्टॅट काढला तो कशामुळे, याचं उत्तर रेडिएटरमध्ये होतं.

इन्फ्रारेड थर्मामीटर हजार रुपयांच्या आत येतो. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो साफ खोटं बोलतो, तीस-तीस अंश कमी दाखवतो. म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे आधीच चिकटवायचे आणि टेपवर नेम धरायचा. रेडिएटरच्या पुढच्या बाजूला एसीचा कंडेन्सर असल्याने मोजमाप मागून, पंख्याच्या आवरणाच्या कडेच्या फटींतून घेतलं. उभ्या गाडीत पाणी ९२ झालं, पंखा सुरू व्हायच्या जरा आधी. पाणी जिथून शिरतं तिथून बाहेर पडण्याच्या टोकाकडे जाताना तापमान सलग, हळूहळू उतरायला हवं. वर ८८, मध्ये ७९, खाली डावीकडे ७४, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एकदम ४६. त्या कोपऱ्यातल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

वरचा पाइप काढून तोंडातून टॉर्च मारली. नळ्यांच्या तोंडांवर पिवळट-पांढरं कवच, अगदी जुन्या गिझरच्या कॉइलवर असतं तसं. स्क्रू ड्रायव्हरने एक खपली काढून बशीत ठेवली आणि तिच्यावर लिंबाचा थेंब पिळला. फसफसून बुडबुडे आले. म्हणजे हा चुना, कॅल्शियम कार्बोनेट. गंज असता तर तपकिरी असता आणि लिंबाने असा फसफसला नसता, लीक बंद करायच्या पावडरीचा गाळ रबरासारखा चिवट लागतो. दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना असतो, तो पाणी तापलं की बाहेर पडून तापलेल्या धातूवरच बसतो. आणि महिन्याला पाव लिटर जरी वरून घातलं, तरी पाणी वाफ होऊन जातं, चुना आत साठत राहतो.

काम : कोणता क्रम आणि का

हा रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेला. जुन्या पितळी रेडिएटरसारख्या टाक्या उघडून, सळया फिरवून तो साफ होत नाही. नवीनच घ्यायचा ठरला. पण चुना इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्येही असणार. म्हणून जुना रेडिएटर जागेवर ठेवूनच धुलाई आधी. सुटलेल्या खपल्या अडकायच्या तर त्या टाकाऊ रेडिएटरमध्ये अडकू देत.

सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, लिटरला ५० ग्रॅम. या गाडीत सगळं मिळून चार लिटर पाणी बसतं, म्हणून २०० ग्रॅम. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून ओतलं, हीटर फुल्ल गरमवर ठेवला म्हणजे त्याच्यातूनही फिरेल, आणि इंजिन अर्धा तास चालवलं. गार होऊ दिलं, काढलं. निघालेलं पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ. दुसऱ्या वेळेला तेवढं नाही. मग साध्या पाण्याने तीनदा धुऊन काढलं. तिसऱ्या पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घातला, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. त्यानंतरचं शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने, कारण ब्लॉकमध्ये लिटर-सव्वा लिटर पाणी राहतंच आणि ते पुन्हा बोअरचं असून चालणार नाही. संडास साफ करायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा कोणी सुचवला तर ऐकू नका. दोन्ही ॲल्युमिनियम खातात, आणि रेडिएटरच्या नळीची भिंत फार पातळ असते.

रेडिएटर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक फिरतो. क्लॅम्प पकडीने दाबून मागे सरकवायचा, पाइप पिळून सैल करायचा आणि मग ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला की रेडिएटरची प्लॅस्टिकची मान तुटते. जुना फेकायचा असला तरी ही सवय लावून घ्यावी, कारण तीच मान इंजिनाकडेही असते. पंख्याचं आवरण दहाच्या चार बोल्टवर. एसीचे पाइप सोडवायचे नाहीत, कंडेन्सर जागेवर बांधून ठेवायचा. मध्ये पुठ्ठा सरकवला म्हणजे जाळ्या ओरखडत नाहीत.

रेडिएटर वर उचलला आणि कंडेन्सरची मागची बाजू दिसली. धूळ, किडे, सावरीचा कापूस यांचं मिळून घोंगडीसारखं अस्तर झालेलं, बोटाने सोलून निघावं इतकं जाड. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. ते हाताने सोडवून बागेच्या पाइपने मागून पुढे धुतलं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात. एवढी उठाठेव करूनही हे अस्तर राहिलं असतं, तर नवीन रेडिएटरसुद्धा घाटात अर्धाच चालला असता.

नवीन रेडिएटरला जुन्याची खालची रबरी बूट आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या लावल्या. पट्ट्या विसरू नयेत. त्या नसल्या तर हवा जाळीतून न जाता बाजूच्या फटींतून निघून जाते.

नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासला. त्याच्या अंगावर ८२ कोरलेलं होतं. जुन्या पातेल्यात पाणी, दोऱ्याने तो मधोमध लटकवलेला, तळाला टेकलेला नाही, शेजारी थर्मामीटर. ८२-८३ला उघडू लागला, ९५पर्यंत सुमारे ८ मिलिमीटर उघडला, गॅस बंद केल्यावर पुन्हा पूर्ण मिटला. नवीन पार्टसुद्धा खराब निघतात, आणि पंधरा मिनिटांत ते कळतं. बसवताना त्याच्या कडेवरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला. पाणी भरताना अडकलेली हवा तिथून सुटते. रबरी रिंग नवीन. बोल्ट आळीपाळीने, हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. ॲल्युमिनियमच्या आट्यात जोर लावला की आटा सुटतो. पंपाखालचं गळतीचं भोकही पाहून घेतलं, कोरडं होतं, तेव्हा पंपाला हात लावला नाही.

कूलंट तयार मिश्रणाचं न घेता कॉन्सन्ट्रेट घेतलं. कारण ब्लॉकमध्ये आधीच पाणी आहे, तयार मिश्रण ओतलं तर प्रमाण पातळ होणार. चार लिटरच्या निम्मे म्हणजे दोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी पूर्ण ओतलं, उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरली. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असेल ते पाळा, काहींत ते ३०:७० असतं. नुसतं कूलंट भरू नये. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंग बघूनही घेऊ नये, हिरवा-लाल-निळा हा ज्या त्या कंपनीचा रंग आहे, आतलं रसायन वेगळं असू शकतं. पुस्तिकेतला प्रकार डब्यावर लिहिलेला आहे का, तेच पाहायचं.

हवा

इथे पहिल्या प्रयत्नात गडबड झाली. गाडी नाकाकडून थोडी उंच उभी केली, हीटर फुल्ल, झाकण उघडं, इंजिन चालू, बुडबुडे थांबेपर्यंत वरचा पाइप हाताने दाबत राहिलो की हवा निघते, हे सगळं केलं. पण पंखा एकदाच लागल्यावर झाकण बंद केलं. फेरीला निघाल्यावर आकडा ८४वरून एकदम १०४, आणि क्षणात ९०. हीटरमधून गार हवा, डॅशच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज. ही हवेच्या गोळ्याची खूण. सेन्सरभोवती पाण्याऐवजी वाफ असली की आकडा असाच उड्या मारतो. हे बघून नवीन थर्मोस्टॅट खराब म्हणून काढू नये. गाडी गार केली, सकाळी झाकण उघडलं, ३५० मिली आणखी बसलं. पुन्हा चालू ठेवून पंखा दोनदा लागून दोनदा थांबेपर्यंत वाट पाहिली. हीटर कडकडीत गरम आला, तेव्हा झाकण लावलं.

नंतरचे आकडे

थंड इंजिनापासून ८० अंश सात मिनिटांत. निळा दिवा सोसायटीच्या फाटकापासून चौकापर्यंत विझतो. शहरात ८६ ते ९७. बायपास रस्त्यावर ८८ला स्थिर. मेच्या दुपारी, चार माणसं आणि एसीसह खंबाटकी : सर्वाधिक ९९, आणि माथ्यावरून पुढे दोन किलोमीटरमध्ये ९०. हजार किलोमीटरनंतर गार इंजिनावर झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ, बाटली दोन रेघांच्या मध्ये. ऑइलच्या झाकणाखालची साय पुसून काढली होती, ती परत धरली नाही.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण, कूलंट, डिस्टिल्ड पाणी आणि लिंबूसत धरून खर्च साडेसात हजारांच्या आत. हत्यारं वेगळी. मालकांनी डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवला आहे आणि महिन्यातून एकदा, सकाळी, गार गाडीवर बाटलीबरोबर रेडिएटरचं झाकणही उघडून बघतात.

जुनं कूलंट राहिलं होतं. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं थोडंसं चाटली तरी मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. म्हणून जमिनीवर सांडलेलं तेव्हाच भरपूर पाण्याने धुतलं, बाकीचं बुचाच्या कॅनमध्ये भरून वर "विष" लिहिलं आणि जुनं ऑइल गोळा करून देणाऱ्या गॅरेजकडे नेऊन दिलं.